घरगाडीतली मागची सीट

माझे बाबा वीज केंद्रात बसचालक होते. ऊर्जानगरच्या क्वार्टर्समधून पाळीच्या कामगारांना उचलायचं, केंद्राच्या गेटवर सोडायचं आणि सुटलेल्या पाळीला घरी आणायचं. चार-साडेचार किलोमीटरचा रस्ता. तोच रस्ता त्यांनी एकतीस वर्षं चालवला. मूडमध्ये असले की म्हणायचे, "एवढ्या वर्षांत दोनदा अमेरिका झाली असती. मी गेटच्या पलीकडे नाई गेलो."

रिटायर झाल्यावर त्यांनी कुठूनशी एक मोडीत काढलेली मिनीबस घेतली आणि वर्षभर तिच्यात राबले. सीटा काढल्या. मागं दोन पलंग, मधे एक शेगडी आणि छोटं बेसिन, टपावर पाण्याची टाकी. खिडक्यांना आईच्या जुन्या साड्यांचे पडदे. त्या वेळी आमच्याकडे कॅराव्हॅन हा शब्द कोणाला माहीत नव्हता. कॉलनीतले लोक तिला घरगाडी म्हणायचे, म्हणून आम्हीही.

त्या गाडीतून बाबांनी आईला आणि मला जिवतीच्या डोंगरात नेलं, सिरोंच्याला गोदावरी दाखवली आणि तीनदा भामरागडला नेलं. माझी शाळेची नोकरी, लग्न केलेलं नाही, त्यामुळे सुट्ट्यांत मी मोकळीच असायचे. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो तेव्हाच पुण्याला गेला होता. भामरागडला तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो आणि गाव तुटून पडतं, म्हणून बाबा दिवाळीनंतर जायचे. नदीच्या वरच्या अंगाला गाडी लावायचे आणि बाहेर खुर्ची टाकून तासन्‌तास पाण्याकडे पाहत बसायचे. त्यांना इतकं गप्प आणि इतकं सुखी मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

आई मात्र गाडीच्या आत असायची. भात, वरण, चहा, परत चहा. एकदा पलीकडच्या पाड्यावरची एक माडिया म्हातारी डोक्यावर सरपण घेऊन चालली होती. गाडी पाहून थांबली, दारातून आत डोकावली. शेगडी, भांडी, पलंग सगळं नीट बघून घेतलं आणि तोडक्या मराठीत आईला म्हणाली, "घर संगंच आणलं? मग आली काऊन?"

आई त्यावर दोन दिवस हसत होती. पण घरी परतल्यावर भांडी उतरवताना मला म्हणाली, "बुढी खोटं नाई बोलली. तुझ्या बावानं मले घरातून काढलं अन् घरातच ठेवलं." बाबा तिथंच टायरची हवा पाहत होते. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. ऐकलं असतं तरी त्यांना ती गंमतच वाटली असती.

पुढं आई काविळीनं गेली, आठ दिवसांत. त्यानंतर बाबा दोनदा घरगाडी घेऊन निघाले, मला सोबत घेऊन. कोणी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही, पण शेगडीजवळची आईची जागा माझी झाली. समोरची, ड्रायव्हरशेजारची सीट रिकामीच राहिली. तिच्यावर बाबांची पाण्याची बाटली आणि नॅपकिन असायचा.

मग बाबांचे डोळे बिघडले. आधी कॉलनीतल्या विजेच्या खांबाला गाडी घासली. ते म्हणाले खांब रस्त्यात आला आहे. नंतर एक सायकलवाला डाव्या बाजूनं गाडीला टेकला आणि नालीत पडला. कोपर सोलटण्यापलीकडे त्याला काही झालं नाही, पण बाबांना तो दिसलाच नव्हता. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूची नजर गेली आहे, ती परत येणार नाही, गाडी आजपासून बंद.

"समोरचं तर दिसते ना," बाबा म्हणाले.

"हळूहळू समोरचंही जाईल," डॉक्टर म्हणाले. "थेंब टाकत राहा, म्हणजे उशिरा जाईल."

 घरी आल्यावर बाबांनी घरगाडीचं दार लावलं, चाबी बनियनच्या आतल्या खिशात टाकली आणि दोन दिवस जेवले नाहीत.

त्यांना जेवायला लावलं ते भावानं, फोनवरून. तो पुण्यात ज्या कंपनीत होता तिथं गाड्यांना कॅमेऱ्यांतून रस्ता ओळखायला शिकवायचं काम चालायचं. तो म्हणाला, "बाबा, थोडी वर्षं थांबा. घरगाड्या आपल्या आपण चालतील. तुम्ही फक्त गावाचं नाव सांगायचं आणि मागं पलंगावर पडून राहायचं. झोपेतून उठाल तर खिडकीत नदी. ज्यांचे डोळे गेले, हात थरथरतात, त्यांच्यासाठीच तर आहे हे सगळं."

बाबांनी त्याला ते दोनदा परत सांगायला लावलं. मग मला म्हणाले, "वाढ."

त्या दिवसापासून आमच्या घरात ही न आलेली गाडी राहायला आली. बाबा मोबाईल उजव्या डोळ्यापासून चार बोटांवर धरून परदेशातले व्हिडिओ पाहायचे. लांबलचक घरगाडी सरळ रस्त्यावरून चालली आहे, स्टेअरिंग आपलं आपण हलतं आहे, मागं म्हातारा-म्हातारी पत्ते खेळत आहेत. भाजीवाल्याला, दूधवाल्याला, थेंब आणायला गेले की औषधांच्या दुकानदाराला बाबा सांगायचे, "माह्या पोराच्या हातचं काम आहे. आली का पहिली गाडी मलेच भेटते."

मी एक दिवस म्हटलं, "बाबा, तोवर मी शिकते गाडी. घरगाडी उभी राहून सडून राह्यली. मी नेते तुम्हाला."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुले नाई जमत, बाई. ते स्कुटी नाई होय."

"त्याला तर तुम्ही सोळाव्या वर्षी शिकवली होती."

"तो पोरगा होय," बाबा म्हणाले आणि मोबाईल परत डोळ्याला लावला.

ते मला नवीन नव्हतं. केंद्राच्या राखेच्या तळ्याकडच्या मोकळ्या मैदानात बाबांनी भावाला जीप शिकवली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मी मागच्या सीटवर होते. मला नेलं होतं कारण भावाला तहान लागली की बाटली द्यायला कोणीतरी हवं होतं. क्लच किती सोडायचा, कुठं थरथर आली की थांबायचं, सगळं मी तिथं बसून शिकले, फक्त पायांना ते माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना मी एकदाच म्हणाले होते, मलाही द्या. बाबा म्हणाले होते, उद्या.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शाळा सुटली की जायचे. शिकवणारा माझाच जुना विद्यार्थी निघाला. तो मला बाई म्हणूनच शिकवायचा आणि चूक झाली की स्वतःच ओशाळायचा. लायसन आलं तेव्हा मी ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी डोळ्याजवळ नेऊन वाचलं, फोटो पाहिला, मागची बाजू पाहिली.

"कागद भेटला तुले," ते म्हणाले. "गाडी नाई भेटली." चाबी बनियनमध्येच राहिली.

मी एक जुनी छोटी कार घेतली आणि शाळेत तिच्यातून जायला लागले. बाबा तिच्यात बसले नाहीत. थेंब आणायला ते ऑटोनं जायचे.

मग एका दिवाळीत भाऊ खरंच घरगाडी घेऊन आला. पांढरी, नवी, आत फ्रीज, संडास, सगळं. टपावर आणि आरशांखाली कॅमेरे. कंपनीनं चाचणीसाठी बनवलेली होती. मोठ्या रस्त्यावर ती आपली आपली चालायची, पण चालकाच्या जागी माणूस बसलेला पाहिजे आणि त्याचं लक्ष रस्त्यावर पाहिजे, असा नियम. भावानं लांबच्या रस्त्याची चाचणी म्हणून भामरागडची परवानगी काढली होती. बाबांना त्यानं हे फोनवर सांगितलं नव्हतं. गाडी दारात उभी करून हॉर्न वाजवला.

बाबांनी गाडीला हात लावत पूर्ण चक्कर मारली. डोळ्यांना दिसलं नाही ते सगळं हातानं पाहिलं. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच तयार झाले. भाऊ स्टेअरिंगवर, बाबा त्याच्या शेजारी. मी मागं. शेगडीला आता गॅस नव्हता, विजेवर चालायची, एवढाच फरक.

चंद्रपूर सोडून बल्लारपूरच्या रस्त्याला लागल्यावर भावानं एक बटण दाबलं आणि हात मांडीवर घेतले. स्टेअरिंग थोडं हललं, थोडं थांबलं. गाडी पट्ट्यांच्या मधोमध चालत राहिली.

"हात नाई लावला?" बाबांनी विचारलं.

"नाही."

बाबांनी हात पुढं करून भावाचे हात चाचपले. खरंच मांडीवर होते. मग त्यांनी मान मागं टेकवली. मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. नदीकाठच्या खुर्चीवर असायचा तसा. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. भावाचं कौतुकही वाटलं. मी चहा केला आणि दोघांना पुढं दिला.

आष्टीचा पूल ओलांडला, आलापल्लीही मागं पडली आणि जंगल सुरू झालं. रस्ता अरुंद झाला. डांबरावर पांढरी पट्टी राहिली नाही, बाजूची माती आणि डांबर एकमेकांत मिसळलेले. गाडी टुण्‌टुण् आवाज करायला लागली. भावानं स्टेअरिंग धरलं, जरा पुढं जाऊन परत सोडलं, परत आवाज. सागाच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या, तिथं ती सावलीलाच खड्डा समजून दबकायची. बैल मधे उभे असले की थांबायची, ते ठीकच. पण बैल गेल्यावरही उभी राहायची.

एका गावाजवळ लोकांनी धान वाळायला टाकलं होतं. अर्धा रस्ता धानाचा, कडेला गाड्यांनी जपून जावं म्हणून दगड ठेवलेले. आमच्याकडे दर वर्षी असंच असतं. ट्रकवालेही दुसऱ्या अंगानं हळूच काढतात. त्या गाडीला मात्र तिथं रस्ता संपल्यासारखा वाटला. तिनं जोरात ब्रेक मारला आणि समोरच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली. मागं बेसिनमधली भांडी माझ्या पायावर पडली.

भावानं गाडी स्वतःच्या हातात घेतली. पण पुण्यात तो ऑफिसला कंपनीच्या बसनं जातो, अशा रस्त्यावर एवढी मोठी गाडी त्यानं कित्येक वर्षांत चालवली नव्हती. धान वाचवायला त्यानं गाडी मागं घेतली आणि मागचं चाक डांबरावरून उतरून मातीत रुतलं. धान राखत बसलेली बाई उठून आली. तिनं चाक पाहिलं, आम्हाला पाहिलं आणि गावात जाऊन ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आली. गाडी निघायला दीड तास गेला. भाऊ खाली उभा राहून फोनवर कोणाशी तरी बोलत होता. त्याचा शर्ट घामानं भिजला होता.

फोन ठेवून तो माझ्याकडे आला. "ताई, पुढं मला जमणार नाही. पाठ धरली. तू घेशील का? तुझा हात आहे या रस्त्यांवर."

माझा हात होताच. शाळेच्या कामानं मी कार घेऊन या बाजूला कितीदा आले होते. मी खाली उतरले. चालकाच्या दारापर्यंत गेले, दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला.

"कोण बसून राह्यलं?" बाबांनी आतून विचारलं.

"मी, बाबा. आता तीसेक किलोमीटर राह्यले. हळू नेते."

 ते म्हणाले, "नाई. वापस घ्या."

"बाबा, समोर आलं भामरागड," भाऊ म्हणाला. "ताई नेईल व्यवस्थित."

"वापस घ्या म्हटलं ना. मले नाई जायचं."

मी पायरीवरच होते. मी विचारलं, "बाबा, या गाडीवर भरवसा ठेवून तुम्ही डोळे मिटून बसले. तिला बैल न् सावली कळत नाही. अन् माझ्यावर नाही?"

"ते मशीन होय," बाबा म्हणाले. अगदी शांतपणे, मला समजावून सांगितल्यासारखं. "त्याची आपल्याले शरम नाई. पोरीनं चालवायचं अन् बावानं बाजूले बसायचं, एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो मी."

भावानं खाली पाहिलं. तो बोलेल म्हणून मी थांबले. त्यानं माझ्या पुढून हात घालून दार धरलं, "जाऊ दे, ताई," म्हणाला आणि पाठ धरून वर चढला. गाडी वळवायला त्याला पाच-सहा वेळा मागं-पुढं करावं लागलं. धानवाल्या बाईनं दगड सरकवून दिले.

मी मागं जाऊन बसले. मोठा रस्ता लागल्यावर भावानं परत ते बटण दाबलं. बाबांनी समोरच्या डॅशबोर्डवर दोनदा हात फिरवला, गायीच्या पाठीवर फिरवावा तसा. "शहाणी आहे बिचारी," ते म्हणाले. "कुठी थांबा लागते ते समजते तिले."

मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

भाऊ गाडी घेऊन पुण्याला परतला. दोन-तीन महिन्यांनी त्याचा फोन आला, मी शाळेत असताना. कंपनीनं ते काम बंद केलं होतं. हायवेच्या मालट्रकांवर लक्ष देणार होते, त्यात धंदा होता. घरगाडीचं पुढं कधीतरी बघू, असं वरून सांगितलं होतं. "बाबांना सांगू नको," तो म्हणाला. "मी सांगेन कधीतरी नीट."

त्यानं सांगितलं नाही. रोज घरात बाबांसमोर मी होते. ते विचारायचे, "काय म्हणते तो? कुठवर आली गाडी?" मी म्हणायचे, "काम चालू आहे." एखाद्या वेळी रागानं वाटायचं सांगून टाकावं. त्यांच्या त्या शांत आवाजात त्यांनाच सांगावं की तुमचं मशीन येत नाही. तोंडापर्यंत यायचं. मी सांगितलं नाही. दया होती म्हणून नाही, हे मला आज कळतं. ते खचले तर त्यांना उचलायचं कामही माझंच होतं, आणि मला ते नको होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची समोरची नजरही गेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा. डोळ्यांत दुखायला लागलं, दर पंधरा दिवसांनी नागपूरला दाखवायला न्यावं लागायचं. बस त्यांना झेपेना. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या कारमध्ये बसले.  मी त्यांचा हात धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. पहिल्या खेपेला वरोऱ्यापर्यंत त्यांचा हात हँडब्रेकवर होता. दुसऱ्या खेपेला मांडीवर आला. तिसऱ्या खेपेला ते झोपले, घोरायलासुद्धा लागले. मला त्या दिवशी वाटलं, संपलं एकदाचं. आता एखाद वेळी विचारावं, नेऊ का भामरागडला.

घरी आल्यावर शेजारचे काका अंगणात भेटले. बाबांसोबत केंद्रात होते, फिटर. त्यांनी विचारलं, "कसा झाला प्रवास?"

"मस्त," बाबा म्हणाले. "आता गाड्या काय, आपल्या आपणच चालतात. कोणाले काही करा नाई लागत."

मी त्यांची काठी हातात घेऊन बाजूलाच उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. बाबांना खरंच तसं वाटत होतं, की तसं म्हणणं त्यांना सोयीचं होतं, मला आजही सांगता येत नाही. मी त्यांना आत नेलं, थेंब टाकले, वाढलं. भामरागडचं विचारलं नाही. त्यानंतर सहा-सात खेपा झाल्या नागपूरच्या, पण मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही.

बाबा मार्चमध्ये गेले. घरगाडीची चाबी भावानं मागितली नाही, मीही ठेवली नाही. गाडी भंगारवाल्यानं साखळीनं ओढून नेली, चाकं फिरतच नव्हती. पडदे तेवढे मी काढून घेतले.

तेरावं झाल्यावर भावाला बल्लारशाहच्या स्टेशनवर सोडायला मीच गेले. त्याला ऑफिसचं काम होतं, म्हणून तो मागच्या सीटवर लॅपटॉप उघडून बसला. अर्ध्या रस्त्यात मान वर न करता म्हणाला, "ताई, आता जे नवीन करतोय ना, त्याला पट्टी लागत नाही रस्त्यावर. मातीचा रस्ताही ओळखतं. अजून थोडी वर्षं. मग तू नुसतं बसायचं."

"बरं," मी म्हणाले. पुढं कोळशाचे ट्रक लागले होते. एकामागून एक चार ट्रक मी ओलांडले आणि रेल्वेच्या वेळेआधी वीस मिनिटं त्याला स्टेशनवर उतरवलं.